कार्डाची मागची बाजू

निवृत्त झाल्यावर मी बेळगावातल्या एका छापखान्यात नावाची कार्डं छापायला टाकली. नावाखाली 'उझबेक भाषेचे अभ्यासक' असं लिहून दिलं होतं. छापखान्याचे मालक चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, "सर, उर्दू म्हणायचंय न्हवं तुम्हाला? दुरुस्त करून घेतो."

मी म्हटलं, उर्दू नाही, उझबेकच.

"व्हय? मग त्येचं हितं गिऱ्हाईक कोण?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. कॉलेजात मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि त्यातही भाषाविज्ञानाची एकच अभ्यासपत्रिका. ज्या भाषेसाठी मी तारुण्याची पाच वर्षं दिली, ती भाषा बेळगावात बोलायला मला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. नोकरीच्या इतक्या वर्षांत तिच्यासाठी माझं दार एकाच माणसानं ठोठावलं. पिरनवाडीचे एक गृहस्थ चादरीत गुंडाळलेली मोठी चिनी मातीची थाळी घेऊन आले. जुन्या बाजारात मिळालेली, निळ्या नक्षीची, कडेला वळणदार अक्षरं. काहीतरी पवित्र वचन असणार म्हणून त्यांनी ती घरात उंचावर लावली होती आणि रोज तिला हात जोडत होते. मी वाचलं. "कापूस वेचणीत पहिल्या आलेल्या कामगार बाईस भेट." त्यांनी थाळी पुन्हा चादरीत गुंडाळली. मग म्हणाले, "कष्टाचीच हाय म्हणायची. ऱ्हाऊ दे वरच." मला तो माणूस फार आवडला.

मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. शाळेत 'न्हाय' म्हटलं की मास्तर पट्टी उगारून 'नाही' म्हणायला लावत. त्या मास्तरांचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी मनापासून लिहितो. त्यांच्यामुळेच माझं अक्षर सुवाच्य झालं, भाषा नीट झाली आणि मी पुण्याला एम.ए.पर्यंत पोहोचलो. पण त्याच शिकवणीनं माझ्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक करून घेतली. आज लिहायचं आहे ते त्या चुकीबद्दल.

त्या काळी सोव्हिएत देशात शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. आमच्या कॉलेजच्या सरांनी स्वतः बसून माझा अर्ज भरला. मी मॉस्को मागितलं आणि मिळालं ताश्कंद. निघताना आईनं एवढंच सांगितलं, "जा रं बाबा. पर कुणाच्या घरात पाणी मागून पिऊ नगंस. दिलं तर मातर नको म्हणू नगंस."

ताश्कंदमध्ये मला ज्या बाईंच्या हाताखाली दिलं, त्यांचं नाव सालोमत. सगळे त्यांना ओपा म्हणत. ओपा म्हणजे थोरली बहीण, आपल्याकडची आक्का. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्याला रुमाल, बोटांना कायम शाई. उझबेकच्या गावबोलींचा कोश करणं हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहा दिला, तो वाटीच्या तळाशी दोन घोट. मला वाटलं, बाई हात राखून आहेत. नंतर कळलं, तिकडे मानाच्या पाहुण्याला थोडाच चहा ओततात, म्हणजे वाढणाऱ्याला पुन्हा पुन्हा उठावं लागतं. भरलेली वाटी म्हणजे 'पी आणि जा'.

त्या दिवशी असे कितीतरी दोन-दोन घोट घेत मी उझबेक भाषेच्या अभ्यासाची सगळी गोष्ट ऐकली. अकराव्या शतकात एक विद्वान तुर्की बोलणाऱ्या टोळ्यांमधून हिंडला आणि त्यानं त्यांच्या शब्दांचा कोश अरबीत लिहिला. कोणती टोळी काय म्हणते, कोणती गाणी गाते, हेही त्यात टिपून ठेवलं. पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी हेरातच्या एका कवीनं म्हातारपणी ग्रंथ लिहिला. दरबारात सगळे फारसीला डोक्यावर घेत होते, तेव्हा त्यानं आपल्या आईच्या भाषेतली क्रियापदं एकेक करून समोर मांडली आणि विचारलं, यांना फारसीत शब्द दाखवा. मग मध्ये मोठा काळ गेला. रशियन अंमल आला, त्यांच्या लोकांनी आपल्या सोयीसाठी व्याकरणं केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्याच काही शिक्षकांनी ठरवलं, की आपल्या भाषेचं व्याकरण आपल्याच भाषेत लिहायचं. नामाला काय म्हणायचं आणि क्रियापदाला काय, इथपासून सुरुवात होती.

"मग त्या शिक्षकांचं काय झालं?" मी विचारलं.

ओपांनी वाटी पालथी घातली. "बरेच जण एका हिवाळ्यात सरकारी पोलिसांनी नेले. परत आले नाहीत. त्यांची पुस्तकंही कपाटातून गेली. माझ्या वडिलांनी एक पुस्तक गोधडीत शिवून ठेवलं होतं."

लिपीही त्या भाषेला सुखानं लाभली नाही. आधी अरबी, मग रोमन, मग रशियन आणि आता पुन्हा रोमन. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही, असं तिथे घरोघरी आहे. प्रमाण भाषा कोणत्या गावची मानायची यावर खूप वाद झाले. शेवटी शहरांची जिंकली आणि खेड्यांची बोली 'चुकीची' ठरली. जिज्जाखच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ओपांचं माहेरचं गाव. तिथली बोलीही तशीच चुकीची. शहरात 'नाही'ला 'योक' म्हणतात, त्या गावात 'जोक' म्हणत. हे ऐकताना मला मास्तरांची पट्टी आठवली. मला लाज वाटली.

ओपांनी एकदा विचारलं होतं, "तुझी आई भाकरी करताना काय बोलते?"

मी म्हटलं, "तिची मराठी अशुद्ध आहे, ओपा."

त्या इतक्या हसल्या की बाजूच्या खोलीतली माणसं डोकावली.

बोलीचं काम कसं चालतं ते सांगतो. वही घेऊन बाईसमोर बसायचं आणि 'याला काय म्हणता?' असं विचारायचं नाही. तुमच्या पायातले बूट बघून ती शाळेतला शब्द सांगते. तिच्या कामात हात घालायचा. लोकर पिंजायची, कणीक मळायची, चुकायचं, बोलणी खायची. ती वैतागली की खरा शब्द बाहेर पडतो. तो लगेच कार्डावर. पुढच्या बाजूला शब्द आणि अर्थ. मागच्या बाजूला कोण बोललं, काय करताना बोललं आणि सबंध वाक्य, जसंच्या तसं. ओपांची शिस्त एवढीच होती. कार्डाची मागची बाजू रिकामी दिसली तर त्या कार्ड परत करायच्या.

एक उन्हाळा मी त्यांच्याबरोबर त्या गावात राहिलो. ओपांच्या लांबच्या चुलती ओयशा-मोमो यांच्या घरी. मोमो म्हणजे आजी. सत्तरी ओलांडलेली, बोटभर उंचीची म्हातारी, पण तोंड असं की कुत्री वाट सोडायची. त्याच वर्षी घरात नवी सून आली होती, रोहत तिचं नाव. नानवर नक्षी उठवायचा खिळ्यांचा लाकडी ठसा असतो, त्याचा शब्द मला मिळाला तो मोमो सुनेवर ओरडली तेव्हा. निपाणीच्या बोलीत सांगायचं तर ती म्हणाली होती, "हळू मार की गं ठसा! नान हाय, नवरा न्हवं!"

ओपांनी हसत हसत ते कार्डाच्या मागे लिहिलं. त्या उन्हाळ्यात मोमो बोलत राहिली आणि ओपा लिहीत राहिल्या. नवी सून घरात आली की सासूच्या तोंडाला बहर येतो, असं त्या म्हणायच्या. गावातल्या बायकांना त्यांनी शब्द दिला होता, की तुमचं बोलणं तुमच्या नावानिशी पुस्तकात येईल. बायका बाहीआड तोंड लपवून हसल्या, पण दुसऱ्या दिवशी चांगले रुमाल बांधून आल्या.

परत आल्यावर ओपा आजारी पडून इस्पितळात गेल्या. त्या गावच्या कार्डांचं खोकं माझ्याकडे होतं. ओपांची वीस वर्षांची कार्डं आणि आमची त्या उन्हाळ्याची. पिठाची बोटं उठलेली, चहाचे डाग पडलेली, अक्षर पळतं. मला वाटलं, बाई परत येतील तेव्हा त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा. नवी पांढरी कार्डं आणली आणि महिनाभर बसून सगळी सुवाच्य अक्षरात उतरवली. शब्द आणि अर्थ चोख. मागच्या बाजूचं बोलणं मला पसारा वाटलं. सासू-सुनांची भांडणं, शेळीला शिव्या, नवऱ्यांची चेष्टा. विद्वानांच्या कोशात असलं काय शोभतं? तिथे मी स्वतः नीटनेटकी वाक्यं तयार करून लिहिली. ठशाच्या कार्डामागे लिहिलं, 'नान हे पवित्र अन्न आहे.' तिकडे शाळांमधून रद्दी गोळा करायची मोहीम असे. शाळेची मुलं आली तेव्हा मी ते जुनं खोकं उचलून देऊन टाकलं. त्यांनी मला सलाम केला. मीही केला.

ओपा परत आल्या. मी खोकं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मास्तरांसमोर उभा राहायचो तसा उभा राहिलो. त्यांनी वरचं कार्ड घेतलं. "काय अक्षर आहे रे तुझं!" मग कार्ड उलटलं. दुसरं उलटलं. तिसरं. मग एकदम मधलं एक.

ओपा व्याख्यानाची शहरी भाषा बोलत. त्या दिवशी त्या पहिल्यांदा माझ्याशी गावच्या बोलीत बोलल्या. मला ते आपल्याच बोलीत ऐकू येतं.

"ही कोण बोललंय?"

"मी लिहिलीत, ओपा. उदाहरणं म्हणून."

"तू कवा भाजलास नान?"

मी कार्डांची चळत सारखी करू लागलो.

"जुनी कार्डं कुठं हाईत?"

"रद्दीत दिली."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "त्या समद्या बायकांस्नी तू शाळंत घातलास की रं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, आठव. माझ्या आधीच्या फेऱ्यांमधलं तुला ठाऊक नाही, ते गेलं. पण तो एक उन्हाळा तू तिथे होतास. जे कानात आहे तेच लिही. खात्री नसेल तर लिहू नकोस. नऊ दिवस बसलो. एकतीस वाक्यं निघाली. त्यांची त्यांनी दोन प्रतींत कार्डं केली, एक स्वतःला, एक मला. "पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊ," त्या म्हणाल्या. "मोमो आहे तोवर विचारून घेऊ. ती काही बोलायची थांबत नाही."

मी होकार दिला. त्या वर्षी घरून तार आली. आई आजारी होती. मी आलो तो राहिलोच. आईचं दुखणं लांबलं, इकडे नोकरी लागली आणि तिकडे तो देशच मोडला. ओपांची पत्रं यायची. प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ, 'या उन्हाळ्यात येतोस का?' मग मोमो गेल्याचं पत्र आलं. मग काही वर्षांनी ओपांच्या मुलीचं, नव्या लिपीत. दोन ओळी वाचायला मला संध्याकाळ लागली. ओपा गेल्या होत्या. कोश छापून आला होता. मुलीनं एक प्रत पाठवली. त्यात माझे सुवाच्य शब्द आहेत. बायकांची नावं नाहीत.

आणि आई? ती दुखण्यात पडून राहिली होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसून विद्यार्थ्यांचे पेपर तपासत असे. ती बोलत असायची. वखारीतल्या मैत्रिणींचं, तंबाखूच्या खकाण्याचं. माझ्या हातात लाल पेन होतं आणि कार्ड मात्र एकही नव्हतं. ज्याला एकदा इतका मोठा धडा मिळाला, त्यानं दुसऱ्यांदा तीच चूक केली.

अशी वर्षं गेली. अलीकडे मात्र आमच्या भागातली मुलं डॉक्टर व्हायला उझबेकिस्तानला जाऊ लागली आणि माझ्या भाषेला गिऱ्हाईक आलं. चिकोडीकडचे एक शेतकरी, बाबूअण्णा, तीन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव प्रज्ञा, समरकंदला प्रवेश मिळाला होता. बाबूअण्णा जैन. घरात कन्नड, बाजारात मराठी.

"सर, आठ दिसांत शिकवा," ते म्हणाले. "पैलं वाक्य ह्येच शिकवा, आमाला मटण चालत न्हाई."

"अप्पा, तिथं मेस आहे," प्रज्ञा म्हणाली.

"मेस असू दे. भाषा यायला पायजे. मेसवाला पळून गेला तर?"

प्रज्ञा आठ दिवसांच्या जागी दोन महिने आली आणि चांगली शिकली. बाबूअण्णा तिला सोडायला यायचे आणि बसून राहायचे. टेबलावरची एकतीस कार्डं त्यांनी एकदा पाहिली. मी सगळं सांगितलं. का कोण जाणे, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना कधी सांगितलं नव्हतं.

"मग जात का न्हाई तुमी?"

माझ्या पत्नीला अर्धांगवायू झाल्यापासून मी एक दिवसही घर सोडलेलं नाही. तसं मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जाताना दारात म्हणाले, "गावाचं नाव तेवढं लिवून द्या."

यंदा वैशाखात ते मुलीला भेटायला समरकंदला गेले. एका दुपारी, आमच्याकडे जेवणं आटोपली होती तेव्हा, फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर बाबूअण्णांची गांधी टोपी आणि मागे पिवळट डोंगर.

"सर! आलोय बगा तुमच्या गावाला! गाडीनं अडीच तास. दही खाऊन खाऊन मेलो. मटण न्हाई म्हटलं तर दही, जर्दाळू, नान आणि परत दही!"

"कुणाच्या घरी आहात?"

"त्या म्हातारीच्याच की. प्रज्ञानं इचारलं आनि लोकांनी आणून सोडलं. सून हाय घरात."

प्रज्ञानं फोन वळवला. अंगण. तंदूरमधून धूर निघत होता. मला तो दिसत होता आणि वास येत नव्हता. साठीला टेकलेली एक जाड बाई, बाह्या सरसावलेली. रोहत. मी तिला ओळखलं नाही आणि तिनं मला तर मुळीच नाही. पण मी सलाम केला तसा तिनं तोंडावर हात नेला. "हिंदी! रेडिओसारखं बोलायचा तो हिंदी!" तिकडे भारतातल्या माणसाला हिंदी म्हणतात.

मी कार्डं हातात घेतली आणि वाचायला लागलो. त्यांच्याच बोलीत, पट्टी खाल्लेल्या माणसाला जमेल तसं. अंगणात बायका जमल्या. एकेका वाक्याला हसू उसळायचं. कुणी ओरडायची, ही माझी आत्या! कुणी म्हणायची, आता असं कुणी बोलत नाही हो, आमची पोरं टीव्हीसारखं बोलतात. बाबूअण्णांना एक शब्द कळत नव्हता आणि सगळ्यांच्या आधी तेच हसत होते.

मग एक कार्ड आलं. मागे ओपांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ओयशा-मोमो. गाय पिळताना, सकाळी. शेजारणीला.' मी वाचलं. आपल्या बोलीत ते असं होईल. "सुनेला उठवू नगासा. सपनात म्हायेरी गेली आसंल. येऊ दे तिला सावकाश परत."

हसू थांबलं. रोहतनं फोन प्रज्ञाच्या हातून घेतला. "परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.

"मरेपर्यंत मला आळशी म्हणायची ती," रोहत म्हणाली. "झोपाळू म्हणायची. चारचौघांत म्हणायची." ती तंदूरकडे बघत राहिली. मग पडद्याच्या अगदी जवळ आली. "अजून काय म्हणालीती माझ्याबद्दल?"

म्हणाली होती. खूप म्हणाली होती. तो सगळा उन्हाळा मोमो नव्या सुनेबद्दलच बोलत होती आणि ओपा लिहीत होत्या आणि मी शेजारी बसून कणीक मळत होतो. ते ऐकलेल्यांपैकी आता मी एकटा उरलो आहे. मी रोहतला खरं ते सांगितलं. कार्डं होती, ती मी रद्दीत दिली. प्रज्ञानं वडिलांना मराठीत काय सांगितलं कोण जाणे, बाबूअण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

रोहत रागावली नाही. म्हणाली, "मग आठव. मी हाय हितंच."

त्या गोष्टीला आता सहा महिने होतील. दोन वाक्यं आठवली, खात्रीची. एक तिच्या वेण्यांबद्दल, एक तिच्या हातच्या खारट नानबद्दल. तिसऱ्याचा फक्त पहिला शब्द कानात येतो आणि थांबतो. श्रावणात एकदा असंच बसलो असताना मला एक फार सुंदर वाक्य सुचलं. सासूचं सगळं मन त्यात आलं असतं, रोहत ऐकून रडली असती. मी कार्ड घेतलं, पेन उघडलं. मग पेनाला टोपण लावलं. ते वाक्य माझं होतं.

रविवारी दुपारी तिचा फोन येतो.

"आठवलं?"

"न्हाय अजून," मी म्हणतो.

"बरं," रोहत म्हणते, "घाई न्हाय. पर तुझं तू काय घालू नगंस."